टो ट्रकचा क्लच: ३१० वरून ३३० मिमी, कळंबोली ते गायमुख, कामाच्या नोंदी

गाडी: ११ टन जीव्हीडब्ल्यूची (मालासकट कमाल वजनाची) चेसिस, चार सिलिंडर टर्बो डिझेल, ३९० न्यूटन मीटर टॉर्क. मागे अंडरलिफ्ट (बंद गाडीची चाकं खालून उचलणारी दांडी) आणि पीटीओवर, म्हणजे गिअरबॉक्समधून घेतलेल्या शक्तीवर, चालणारी विंच. बॉडीसकट रिकामं वजन ६.४ टन. काम मुख्यतः घोडबंदर रोड, मुंब्रा बायपास आणि ठाणे-बेलापूर रोडवर बंद पडलेल्या गाड्या उचलण्याचं. कंपनीचा क्लच ३१० मिमी व्यासाचा, सिंगल प्लेट, डायफ्राम स्प्रिंगचा.

५ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज उरकून कालपासून बाजार उघडला, म्हणून आज हात घातला. तक्रार अशी: मागे लोड असताना घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम चढतो, गाडी तिथेच. सोबत जळका वास. आत्ताचा सेट फक्त ११,४०० किमी चालला आहे.

उघडण्याआधी पेडलचा प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी चाल) मोजला. जेमतेम ४ मिमी निघाला, पाहिजे २५ ते ३०. प्ले नसला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) सतत डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर टेकून राहतं आणि नवी प्लेटसुद्धा स्लिप होते. पुशरॉडवर प्ले २८ मिमी केला आणि रिकाम्या गाडीची चाचणी घेतली: चौथा गिअर, ३० च्या वेगाने, ॲक्सिलरेटर एकदम दाबून. आरपीएम तरीही सुटला. ही चाचणी एकदाच घ्यावी. दोनदा-तीनदा घेतली तर उरलेली लायनिंगही (प्लेटवरचा घर्षणाचा थर) तिथेच जाते.

प्ले करायला वीस मिनिटं लागतात, गिअरबॉक्स उतरवायला अख्खा दिवस. त्यामुळे क्रम हाच ठेवावा.

७ नोव्हेंबर

गिअरबॉक्स उतरवला. मजुरी ठरली ४,५०० रुपये, उतरवणं आणि चढवणं धरून.

निघालं ते असं:

प्लेटची जाडी ६.८ मिमी (नवी ९.६). गिअरबॉक्सच्या बाजूचे रिव्हेट जवळजवळ पृष्ठभागाला आलेले. लायनिंग काचेसारखी चकचकीत. प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) ओतीव रिंगवर चारही बाजूंना निळे डाग आणि केसाएवढ्या बारीक भेगा. नखाला लागतात. फ्लायव्हीलवर (क्रँकवरचं जड चाक) डाग आहेत, पण फिके.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यातला हा फरक सगळ्यात कामाचा पुरावा. घर्षणाची उष्णता दोघांत साधारण सारखीच जाते. फ्लायव्हील जाडजूड, ते पचवतं. प्रेशर प्लेटची रिंग पातळ, ती पेटते. म्हणजे क्लच ताकद कमी पडून गेलेला नाही, तो तापून गेला आहे. नवा सेट निवडताना हे लक्षात ठेवायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात ते विसरलं गेलं, त्याचा खर्च खाली लिहिला आहे.

क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून ओल आहे. बेलहाउसिंगच्या (क्लचवरचं घंटेच्या आकाराचं आवरण) तळाला काळा चिखल. प्लेटवर तेल पोचलेलं नाही, पण पोचलं असतं. सील बदलायचं, ८५० रुपये. स्पिगॉट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं) हाताने फिरवलं तर अडखळतं. तेही बदलायचं, २८० रुपये. एवढ्याशा बेअरिंगसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आणू नये.

८ नोव्हेंबर

बाजारात जाण्याआधी कागदावर हिशोब. एरवी तो टाळला जातो, आणि मग दुकानदार सांगेल तो सेट घरी येतो.

क्लच किती टॉर्क धरतो: दोन बाजू × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. ३१० च्या सेटला दाब ९,००० न्यूटन, त्रिज्या ०.१२७ मीटर, साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.२७ धरला तर ६१७ न्यूटन मीटर. इंजिनच्या दीडपटीहून जास्त. म्हणजे थंड असताना तो पुरून उरतो. तापून घर्षणांक ०.२० वर आला की राहतात ४५७. मग चढावर जरा झटका बसला की सुटणारच.

आता उष्णता. मागे ८.६ टनांची गाडी धरली तर एकूण १५ टन. गिअरचं गुणोत्तर पहिल्याला ६.५, दुसऱ्याला ३.७, डिफरन्शियलला ५.३, टायरची त्रिज्या ०.४२ मीटर. १,२०० आरपीएमवर क्लच पूर्ण लागेपर्यंत सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये साधारण १८ किलोज्यूल उष्णता होते, दुसऱ्यात ५४. तिप्पट. हे सगळ्यांना ढोबळपणे माहीत असतं.

७ टक्के चढावर मात्र चित्र पार बदलतं. क्लचमधून ३०० न्यूटन मीटर जातात असं धरलं, तर पहिल्या गिअरमध्ये त्यातले सुमारे १४० नुसती गाडी मागे न घसरू देण्यात जातात, दुसऱ्यात २४५. वेग वाढवायला दुसऱ्यात उरतात फक्त ५५. गाडी रांगत निघते आणि तेवढा वेळ प्लेट घासत राहते. पहिल्यात एका सुरुवातीला ३३ किलोज्यूल, दुसऱ्यात २९० च्या वर. जवळजवळ नऊपट. त्यातली निम्मी उष्णता प्रेशर प्लेटच्या ५ किलोच्या रिंगमध्ये गेली तर एका सुरुवातीला रिंग ५५-६० अंशांनी तापते. गायमुखला रांग लागली की दहा मिनिटांत अशा सात-आठ सुरुवाती होतात. लोखंडावर निळा रंग साधारण ३०० अंशांच्या पुढे येतो. डागांचा हिशोब लागला.

ड्रायव्हरला विचारलं तर सरळ उत्तर मिळालं: "दादा, पहिला फार हळू आहे, मागचे हॉर्न मारतात." खरं आहे. पण आजपासून मागे लोड असेल तर पहिलाच गिअर. डॅशबोर्डवर चिठ्ठी लावली.

९ ते ११ नोव्हेंबर

कळंबोलीत दोन फेऱ्या, तुर्भ्यात एक. जुनी प्लेट सोबत नेली होती. स्प्लाइनचे (प्लेटच्या मधल्या भोकातल्या खाचांचे) दात मोजून, प्लेटवर प्लेट ठेवून बघता येतं. नुसतं मॉडेल सांगून घेतलं तर त्याच गाडीच्या दोन वर्षांच्या दोन वेगळ्या प्लेट हातात पडतात.

समोर आलेले पर्याय:

जुन्या प्लेटला नवी लायनिंग मारून घेणं, १,८०० रुपये. नको. लायनिंगच्या मधल्या लवचीक पत्र्या एकदा तापल्या की त्यांचा ताण जातो, आणि त्या बदलत नाहीत. माल वाहणाऱ्या गाडीला चालून जाईल, टो ट्रकला नाही.

३१० चा कंपनीचा सेट. उत्तम, पण तापणारी रिंग तेवढीच. फक्त कार आणि छोटे टेम्पो उचलणाऱ्या गाडीने याच्या पलीकडे जाऊ नये, पैसे वाया जातील.

३१० मध्येच बटन प्लेट, म्हणजे सिरॅमिक-धातूच्या ठोकळ्यांची. ९,२०० रुपये. घर्षणांक जास्त आणि ऑरगॅनिकपेक्षा कितीतरी जास्त तापमान सोसते. फ्लायव्हील बदलायचं नाही.

केव्लार लायनिंगची प्लेट मागवून मिळेल म्हणाले. लागते मऊ, टिकते खूप, पण बसायला शेकडो किलोमीटर हलक्या हाताने चालवावं लागतं आणि त्याआधी तापली तर ती कायमची चकचकीत होऊन बसते. रिकव्हरीच्या गाडीला पहिला फोनच लोडचा येतो.

दोन प्लेटचा क्लच: बेलहाउसिंगमध्ये खोली नाही. विषय संपला.

३३० मिमीचा सेट, याच इंजिनच्या वरच्या मॉडेलचा. १५,४०० रुपये. त्यासाठी त्याच मॉडेलचं फ्लायव्हील लागेल, वेगळं.

निवड केली बटन प्लेटची. कारण घाई. एक दिवसात बसणार होती.

१३ नोव्हेंबर

बटन प्लेट, जुन्या मापाची नवी प्रेशर प्लेट (दुकानदाराने सेट परत घेण्याच्या बोलीवर दिली), नवं सील, नवं स्पिगॉट बेअरिंग. फ्लायव्हीलचा रनआउट (फिरताना डुलण्याचं माप) डायल गेजवर ०.०८ मिमी दिसला, म्हणून लेथवर न पाठवता एमरी पेपर मारून बसवलं. गिअरबॉक्स चढवताना जॅक थोडा खाली बसला आणि काही मिनिटं बॉक्सचं वजन शाफ्टवरून प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) लटकलं. त्या वेळी कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

१७ नोव्हेंबर

चार दिवस, १९० किमी. पुढे जाताना पकड जबरदस्त, स्लिप अजिबात नाही. रिव्हर्समध्ये मात्र गाडी उड्या मारते.

टो ट्रकचं अर्धं काम रिव्हर्समध्येच असतं. अंडरलिफ्टचे फोर्क समोरच्या गाडीच्या चाकाखाली घालायचे तर इंच-इंच मागे यावं लागतं. बटन प्लेट एक तर लागते नाही तर सुटते, मधलं काही नाही. वागळे इस्टेटमध्ये उतारावर उभा टेम्पो उचलताना फोर्क दोनदा त्याच्या बंपरला टेकले. संध्याकाळी खाली शिरून बघितलं तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) सेंटर बेअरिंगचे दोन्ही बोल्ट सैल.

उद्या परत उतरवायचं.

१८ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा गिअरबॉक्स खाली. आणखी ४,५०० रुपये.

प्लेट दोन सेंटरमध्ये धरून कडेला डायल गेज लावला. रनआउट १.४ मिमी. ०.५ च्या आत पाहिजे. हब वाकलेला आहे, आणि तो १३ तारखेला लटकलेल्या बॉक्सने वाकवला. वर फ्लायव्हीलवरचे जुने डाग एमरीने गेलेले नाहीत. तापलेल्या जागी ओतीव लोखंड कडक होतं, एमरी त्यावरून घसरते आणि तिथे प्लेट कमी-जास्त पकडते.

त्यामुळे सगळा दोष बटन प्लेटला देणं बरोबर नाही. निम्मा थरकाप बसवण्याच्या चुकीचा होता. तरीही ती परत बसवली नाही. सरळ असती तरी तिला मधला, अर्धा लागण्याचा टप्पा नाहीच, आणि फोर्क घालायला तोच लागतो. सतत हायवेला लोड ओढणाऱ्या गाडीला ती शोभेल.

वापरलेली प्लेट परत घेत नाहीत. प्रेशर प्लेट मात्र ३३० च्या बदल्यात घेतली गेली.

१९ नोव्हेंबर

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून वरच्या मॉडेलचं फ्लायव्हील, ५,५०० रुपये. घेताना जागेवर तपासलं ते: क्रँकला बसणाऱ्या भोकांचा नमुना, डॉवेलची (नेमकी जागा ठरवणाऱ्या पिनची) जागा, रिंग गिअरचे दात (मोजून, एक-एक, खडूने खूण करून), घर्षणाच्या फेसवर भेगा नाहीत, बोल्टची भोकं ओढलेली नाहीत. दात एकाने जरी वेगळे असते तर स्टार्टर कुरतडला असता.

या फ्लायव्हीलला पायरी आहे. प्लेट जिथे घासते तो फेस खाली, प्रेशर प्लेटचं कव्हर बसतं ती कड वर. पायरीची उंची डेप्थ गेजने मोजून वहीत लिहिली: २.० मिमी. मग लेथवर दिलं, ७०० रुपये.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. लेथ बंद.

२१ नोव्हेंबर

फ्लायव्हील हातात आलं. फेस आरशासारखा, रनआउट ०.०३. पायरी मोजली तर २.८ मिमी.

म्हणजे फेसवरून ०.८ काढलं आणि कड तशीच सोडली. विचारल्यावर उत्तर: "तुम्ही फेस मारायला सांगितलं, फेस मारला." सांगण्यात चूक होती, कामात नाही.

असंच बसवलं असतं तर प्लेट ०.८ मिमी आत गेली असती आणि कव्हर होतं तिथेच राहिलं असतं. प्रेशर प्लेटला तेवढं जास्त पुढे यावं लागतं. डायफ्रामच्या लेखी नवी प्लेट आधीच ०.८ मिमी झिजलेली. तेवढं आयुष्य पहिल्याच दिवशी गेलं, बोटं गिअरबॉक्सच्या बाजूला सरकली, प्लेही बिघडला. मग पुढे दोष सेटला दिला जातो.

कडेवरूनही ०.८ काढून घेतलं. पायरी पुन्हा २.० मिमी. ५०० रुपये आणि अर्धा दिवस. लेथवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्यावं: फेस जेवढा, कडही तेवढीच.

२२ नोव्हेंबर

सुकी जुळणी. मोठं कव्हर बेलहाउसिंगमध्ये फिरेल का, हे बघायला मुलांच्या मातकामाच्या क्लेच्या गोळ्या आतून चार जागी चिकटवल्या, बॉक्स लावला, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, परत काढलं. स्टार्टरच्या बाजूला सगळ्यात कमी, ६ मिमी जागा उरते. पुरे.

वजनं केली. ३१० ची प्रेशर प्लेट कव्हरसकट १२.४ किलो, ३३० ची १६.१. बराचसा फरक ओतीव रिंगमध्येच आहे, आणि पैसे त्याचेच मोजले. हिशोबही केला: दाब ११,००० न्यूटन, त्रिज्या ०.१३५ मीटर. थंड असताना ८०२ न्यूटन मीटर, तापल्यावर ०.२० ने ५९४. इंजिनच्या दीडपट, तेही तापलेल्या अवस्थेत.

रिलीज बेअरिंग ३३० चंच घेतलं, १,६५० रुपये. डायफ्रामच्या बोटांचा गोल मोठा असतो. जुनं बेअरिंग बोटांच्या अगदी टोकावर टेकलं असतं.

२३ नोव्हेंबर

बसवलं. या वेळी क्रमाने:

१. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसलं. लेथचं तेल आणि प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल, दोन्ही काढलं. यानंतर फेसला हात लावायचा नाही.

२. क्रँकवर बसवून रनआउट पुन्हा मोजला, ०.०५. भंगारातलं फ्लायव्हील क्रँकवर एकदा बघावंच. फ्लँजमध्ये कचरा असला तर लेथवरचं माप खोटं ठरतं.

३. नवी प्लेट बसवण्याआधी कडेला गेज लावला, ०.३५. स्प्लाइनवर ग्रीसचा पुसट हात, जास्तीचं पुसून काढलं. ग्रीस उडून लायनिंगवर जातं.

४. कव्हरचे बोल्ट एम१०, समोरासमोरचे, एका वेळी अर्धा फेरा. शेवटी टॉर्क रेंचने ४७ न्यूटन मीटर. एका बाजूने आवळत गेलं तर कव्हर वाकतं आणि बोटं वर-खाली राहतात. बोटांची उंची मोजली, सगळ्यांत मिळून ०.६ मिमीचा फरक. चालेल.

५. दोन लांब बोल्टची डोकी कापून गाइड केले, बेलहाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत लावले आणि बॉक्स त्यांवरून सरकवला. वजन गाइडवर, हबवर काहीच नाही. शेवटचं बोटभर अंतर बॉक्स स्वतः आत गेला पाहिजे. बोल्ट आवळून ओढायचा मोह टाळा, हब तिथेच वाकतो.

गाइडला खर्च शून्य. हे १३ तारखेला केलं असतं तर.

२५ नोव्हेंबर

क्लच सुटतो, गिअर पडतात, पण पेडल दगडासारखं. दाब ९,००० चा ११,००० झाला, तो पायालाच कळणार. वरच्या मॉडेलला पेडलला मदत करणारा हवेचा बूस्टर असतो, या गाडीला नुसतं हायड्रॉलिक आहे. स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सच्या बाजूचा, क्लच ढकलणारा) मोठ्या बोअरचा लावून पेडल हलकं होतं, पण मग बेअरिंगची चाल कमी पडते आणि गिअर कुरकुरतात. तो मार्ग सोडला.

बूस्टर घेतला, ६,८०० रुपये. पट्टी, पाइप, फिटिंग १,९०० आणि मजुरी १,५००. हवा ब्रेकच्या टाकीतून घेऊ नका. प्रोटेक्शन वाल्व्हच्या (हवेच्या लाइन एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा) सहायक तोंडावरून घेतली, म्हणजे क्लचची लाइन फुटली तरी ब्रेकची हवा शाबूत राहते. नवं फ्लुइड भरून एअर काढली. पहिल्या वेळी पेडल स्पंजासारखं राहिलं, कारण बूस्टरचा ब्लीडर (एअर काढायचा स्क्रू) खालच्या बाजूला आला होता. बूस्टर सोडवून ब्लीडर वर येईल असा फिरवला, दहा मिनिटांत एअर निघाली.

पेडलचा प्ले २८ मिमी.

२६ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर

प्लेट बसवायचा काळ. ५०० किमी रिकामी गाडी किंवा मागे फक्त कार. महापे, रबाळे, ठाण्यातली कामं, भरपूर गिअर बदल असलेली. हायवेला सरळ चालवून प्लेट बसत नाही, ती लागण्या-सुटण्याने बसते. या काळात मोठ्या गाडीचे फोन नाकारावे लागले.

रिव्हर्स पहिल्या दिवसापासून मऊ. फोर्क घालताना एकदाही धक्का नाही.

८ डिसेंबर

गायमुख. मागे ७ टनांचा भरलेला टेम्पो. चढावर मुद्दाम तीनदा थांबवून पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेकवरून सुरुवात. वास नाही, स्लिप नाही. वर बाजूला घेऊन बेलहाउसिंगच्या खिडकीतून इन्फ्रारेड गनने कव्हर मोजलं, ११८ अंश. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून आरपीएम आणि वेग सोबत चढले.

चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची सवय मात्र सुटायला वेळ लागतो आहे. त्या वेळी चाकं फिरत नाहीत आणि इंजिनची सगळी शक्ती प्लेटमध्येच जिरते. ३३० असो की ४३०, हे कुठलाच क्लच सोसत नाही. थांबलं की हँडब्रेक.

दुसरी मर्यादा वजनाची. चेसिसची क्षमता क्लच बदलून वाढलेली नाही. मागे साडेआठ टनांच्या पुढचं काम आलं की ते मोठ्या क्रेनकडे पाठवायचं, असं ठरवलं. क्लच स्लिप झाला नाही तर तो भार ॲक्सल शाफ्टवर जातो.

१५ जानेवारी २०२५

२,६०० किमी झाले. पेडलचा प्ले २८ वरून २२ मिमी. परत २८ केला. सेंटर बेअरिंगचे बोल्ट जागेवर. सीलखाली कोरडं.

खर्च: बटन प्लेट ९,२००, ३३० चा सेट १५,४००, फ्लायव्हील ५,५००, लेथ १,२००, रिलीज बेअरिंग १,६५०, स्पिगॉट २८०, सील ८५०, बूस्टर ६,८००, त्याची पट्टी-पाइप १,९००, मजुरी १०,५००, फ्लुइड-क्लीनर-ग्रीस ६२०. एकूण ५३,९०० रुपये. यातले बटन प्लेटचे ९,२००, दुसऱ्या उतरवणीचे ४,५०० आणि लेथचे ५०० असे १४,२०० वाचले असते. गाडी १५ दिवस उभी राहिली, त्यातले निम्मे दिवस या चुकांचे.

जुनं ३१० चं फ्लायव्हील तेल लावून ठेवलं आहे. प्लेची पुढची तपासणी ५,००० किमीला.